काटेबाबूंचे शेवटचे दोन किलो

नवा माणूस भेटला की लोक नाव विचारतात, गाव विचारतात. काटेबाबू काहीच विचारत नसत. डावा डोळा बारीक करून डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहत आणि वजन सांगत. मी राईस मिलमध्ये कारकून म्हणून लागले त्या दिवशी शेठजींनी ओळख करून दिली, "बाबू, ये नयी मॅडम. कम्प्यूटर देखेगी." त्यावर काटेबाबू म्हणाले, "एकसष्ट. चपला काढून साठ." आणि पोत्यांकडे वळले.

सगळे हमाल ऐकत होते. मी घरी जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी मेडिकलच्या दुकानाबाहेरच्या मशीनवर हळूच उभी राहिले, तर साठ किलो नऊशे, चपलांसकट. मग मला त्यांचा राग यायचा तो माझाच आला. तो अजून गेलेला नाही, कारण त्या साठाचे आता सदुसष्ट झालेत आणि ते सात किलो माझ्या लग्नातल्या पाहुण्यांसारखे मुक्कामालाच आहेत.

मिलच्या काट्यावर बसणारे बाबू म्हणून ते काटेबाबू. गोंदियात आणि आजूबाजूच्या गावांत त्यांचं खरं नाव किती जणांना माहीत होतं कुणास ठाऊक. शेतकरी धान घेऊन आले की ते पोती मोजून घ्यायचे, धान ओलं की सुकं ते सांगायचे. बुटके, गोल, पोटावर शर्टाची दोन बटणं कायम उघडी, आणि स्वतः त्र्याण्णव किलो. ते स्वतःचं वजनही लपवत नसत. "त्र्यान्नव," म्हणायचे, "बारदान्यासकट."

शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी एक छोटा आकड्याचा स्प्रिंगकाटा असायचा. मिलच्या कामाने आम्ही एकदा देवरीला चाललो होतो. कोहमाऱ्याला ढाब्यावर थांबलो, तिथे त्यांनी अर्धा किलो जिलबी घेतली, पुडा काट्याला टांगला आणि सगळ्या ट्रकवाल्यांसमोर ओरडले, "चारशे तीस! हे अर्धा किलो आहे? तुमच्या गावात अर्धा किलो कितीचा असते?" ढाब्यावाला म्हणाला, "बाबा, खानी है तो खा." त्यांनी उरलेले सत्तर ग्रॅम वसूल केले, सगळी जिलबी तिथेच खाल्ली आणि वर मला म्हणाले, "मी गोडासाठी नाही भांडलो वो बाई. तोलासाठी भांडलो."

लग्नात नवरी पाहिली की पुटपुटायचे, "पंचावन्न. त्यात पाच किलो शालूच आहे." आमच्या मिलचा जुना चौकीदार वारला तेव्हा तिरडीला खांदा द्यायला हेच पुढे. चार पावलं चालले आणि मागच्या खांदेकऱ्याला म्हणाले, "मेल्यावर मानूस जड होते म्हनते लोक. खोटं आहे. बासष्ट होता, बासष्टच आहे." मागचा माणूस हसू आवरता आवरता ठेचकाळला, आणि चौकीदार तिथेच दुसऱ्यांदा मेला असता. त्याची बायको मात्र नंतर मला म्हणाली, "त्या बाबूनं तेवढं बरोबर सांगतलं. बासष्टच होता माझा मानूस."

पण त्यांची खरी मिजास वजनाची नव्हती. ती दाताची होती.

धान ओलं असलं तर मिल घेत नाही. सतरा टक्क्यांच्या वर ओल गेली की पोतं परत. आता ही ओल ओळखायची कशी? काटेबाबू हातातली लोखंडी टोकदार नळी, तिला परखी म्हणतात, ती पोत्यात खुपसायचे. नळीतून चिमूटभर धान तळहातावर घ्यायचे, दुसऱ्या हाताने चोळायचे, फुंकर मारून तूस उडवायचे आणि उरलेला दाणा दाढेखाली धरायचे. 'कट्' असा आवाज आला तर सुकं. दाणा नुसता दबला तर ओलं. "साडेसोळा," म्हणायचे. "अठरा. घेऊन जा घरी, दोन दिवस उन्हात वारव." पोवार समाजातले मोठमोठे शेतकरी, ज्यांच्या ट्रॅक्टरला माझ्या घरापेक्षा जास्त दिवे असतात, तेसुद्धा या आकड्यापुढे गप्प बसायचे. कुणी कुरकुर केली तर काटेबाबू तोंड उघडून दाढ दाखवायचे, "हे काय खोटं बोलते?"

मग शेठजींनी ओल मोजायचं मशीन आणलं. छोटंसं, आकडे दाखवणारं. काटेबाबूंनी पहिल्याच दिवशी त्यावर आपला डबा ठेवला. मी गंमत म्हणून दाताचा आकडा आणि मशीनचा आकडा शेजारी शेजारी लिहून ठेवायचे. अर्ध्या टक्क्याच्या वर फरक कधी पडला नाही, पण दोघांचं एकमतही कधी झालं नाही. हे साडेसोळा म्हणाले तर ते सोळा म्हणणार. "जमाचंच नाही," ते म्हणायचे. "मशीन अन् मी ज्या दिवशी एकच आकडा सांगू ना, त्या दिवशी समजाचं, दोघायतलं एक बिघडलं."

आता काकूंबद्दल. काकू म्हणजे त्यांची बायको. बेचाळीस किलोची, आणि जीभ नव्वद किलोची. कुडव्याला त्यांचं दोन खोल्यांचं घर, मुलगी लग्न होऊन बालाघाटला. मी कुडव्यातच राहायचे, त्यामुळे माझी स्कूटी त्यांच्या दाराशी रोजच थांबायची. मी त्यांच्या हातचा भात आणि मोहरीच्या फोडणीची डाळ इतकी खाल्ली की माझ्या सातातले तीन किलो तरी काकूंच्या नावावर आहेत.

काकूंच्या दोन्ही किडन्या गेल्या. हे मी असं एका वाक्यात लिहिते आहे, पण व्हायला दोन वर्षं लागली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तिथे माणसाला आधी तोलतात, मग चार तास मशीनवर ठेवून अंगातलं जास्तीचं पाणी काढतात, मग परत तोलतात. डॉक्टर म्हणाले, "यांचं कोरडं वजन बेचाळीस आहे. मधल्या दिवसांत जे वाढतं ते पाणी." आम्ही सगळे हे ऐकून घाबरलो. काटेबाबूंचा चेहरा मात्र उजळला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना कळेल असं कुणी काही बोललं होतं.

"ओल आहे वो ही," ते मला समजावून सांगायला लागले. "वजन नाही. हे पोतं भिजते, हे लोक वारवून देते." काकू खाटेवरून ओरडल्या, "पोतं कोनाले म्हनता?"

काकूंना दिवसाला मोजून एक लिटर पाणी. काटेबाबू ते ग्रॅमवर मोजून द्यायचे. काकू म्हणायच्या, "देवानं मले नवरा नाही देला, रेशनचा दुकानदार देला."

हे फार दिवस चालणार नव्हतं. काकूंच्या हाताची ती नस, जिच्यात सुया टोचतात, ती दोनदा बंद पडली. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, किडनी बसवायची तर आता बसवा. काटेबाबूंची जुळली. देवाने एवढ्या भांडखोर जोडप्याचं रक्त जुळवून ठेवलं होतं. पण डॉक्टरांनी त्यांच्या पोटाकडे पाहिलं. "काका, त्र्याण्णव किलोच्या माणसाची किडनी आम्ही काढत नाही. तुम्हालाच धोका. ऐंशीच्या आत या. मग तारीख देतो."

काटेबाबूंनी विचारलं, "ऐंशी म्हंजे ऐंशी, का ऐंशीच्या आत?"

"आत."

"बस."

पहिले अकरा किलो त्यांनी अशा झपाट्याने उतरवले की मिलमधले हमाल घाबरले. या माणसाने भात सोडला. आमच्या भागात भात सोडणं काय असतं ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. इथे सकाळी शिळा भात, दुपारी ताजा भात, संध्याकाळी तब्येत बरी नाही म्हणून मऊ भात. आणि हा माणूस दिवसभर धानाच्या ढिगांत बसून दुपारी डब्यातून काकडी काढायचा. पहाटे उठून कुडव्याहून मिलपर्यंत पायी यायचा. घरात एकाला पाणी नाही, एकाला भात नाही. मी जेवायला बसले की दोघंही माझ्या ताटाकडे पाहायचे. काकू पेल्याकडे आणि बाबू भाताकडे. मी दोनदा तशीच उठले. तिसऱ्यांदा जेवले. शेवटी माणूसच आहे मी.

ब्याऐंशीवर काटा थांबला.

आठवडा गेला, ब्याऐंशी. दोन आठवडे, ब्याऐंशी. रोज सकाळी मिल उघडली की आधी वीस किलोचा शिक्क्याचा बाट, म्हणजे सरकारी छापाचं लोखंडी वजन, ठेवून काटा तपासायचा, मग बाबूंनी चपला काढून त्यावर चढायचं, मी आकडा वाचायचा. महिना झाला तरी ब्याऐंशी. कधी शंभर ग्रॅम खाली, दुसऱ्या दिवशी शंभर वर. शेवटच्या या दोन किलोंनी जसं काही त्यांच्या पोटात घरकुल मंजूर करून घेतलं होतं.

मग अख्ख्या मिलला ते पोट आपलंच वाटायला लागलं. शेठजी म्हणाले, "सुबह काला जीरा पियो." हमाल म्हणाले, आमच्यासोबत दहा पोती उचला. न्हाव्याने सांगितलं की केस कापले तर पाव किलो जाते, आणि बाबूंनी खरंच कापून, खाली पडलेले केस तोलून, "बावीस ग्रॅम, लबाड" असं त्याला सुनावलं. काकूंचा भाचा नागझिऱ्याला गाईड आहे. तो म्हणाला, "मोसाजी, जंगलात चला, वाघ मांगं लागला की दोन किलो एका दमात." काकू म्हणाल्या, "वाघ पाहीन यायले अन् म्हनंन, ऐंशीच्या आत या."

बाबू हसले नाहीत. ते आजकाल हसत नव्हते. काकूंच्या हाताकडे पाहत बसायचे.

काटा ब्याऐंशीवरच होता, तरी तपासणीच्या ठरलेल्या दिवशी आम्ही नागपूरला गेलो. फॉर्म इंग्रजीत असतात म्हणून मी सोबत. गाडीत बसल्यावर पाहते तर बाबूंच्या कापडी पिशवीत तो वीस किलोचा लोखंडी बाट. मी कपाळावर हात मारला. दवाखान्याच्या दारावर चौकीदाराने पिशवी उचलून पाहिली आणि त्याचा हात खालीच राहिला.

"ये क्या है, काका?"

"बाट है."

"किसलिए?"

"तुम्हारा काटा देखना है."

नर्सने त्यांना काट्यावर उभं केलं. आकडे फिरले, थांबले. एकोणऐंशी किलो पाचशे.

"अहो काका, झालं की!" नर्स टाळी वाजवून म्हणाली. काकूंनी बाकावर बसल्या बसल्या हात जोडून कपाळाला लावले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. काटेबाबू काट्यावरून उतरले नाहीत. आकड्याकडे पाहत राहिले.

"सकाळी ब्याऐंशी होतो," ते म्हणाले. "नागपूरले येता येता अडीच किलो कुठं सांडलो?"

मी त्यांची बाही ओढली. "बाबू, चला. झालं ना."

खरं सांगते, मी हे म्हटलं. मला लाज वाटत नाही. समोर काकू बसल्या होत्या, हाताला पट्टी, ओठ सुकलेले. अडीच किलोंनी कुणाचं काय बिघडणार होतं? पण या माणसाने पिशवीतून बाट काढला आणि ठण्णकन काट्यावर ठेवला. एकोणीस किलो चारशे.

"विसाले सहाशे ग्रॅम खाऊन राहिला," बाबू म्हणाले. ओठ हलवत त्यांनी हिशेब केला. "ब्याऐंशीले अडीच किलो. बराबर आहे."

"काका, ते राहू द्या ना," नर्स हळू आवाजात म्हणाली. भली बाई होती.

"कसं राहू देऊ? इथंच साऱ्या बिमार लोकायले तोलता ना तुमी? उद्या हिचं पानी किती काढाचं ते याच काट्यावर पाहान ना?"

नर्सने कागदावर एकोणऐंशी पाचशे खोडलं आणि ब्याऐंशी लिहिलं. डॉक्टरांनी हात मिळवला, काटा बदलायला सांगितला, बाबूंचं कौतुक केलं आणि तारीख दिली नाही. त्यांनी एक आहारतज्ज्ञ मुलगी गाठून दिली, एक वही दिली आणि सांगितलं, दीड महिन्याने या.

परतीच्या गाडीत काकू खिडकीकडे तोंड करून बसल्या. भंडारा गेलं, तुमसर आलं. तेव्हा त्या वळल्या आणि म्हणाल्या, "तुमाले द्याचीच नसन तं तसं सांगा ना. लोखंड कायले आनलं?"

बाट बाबूंच्या मांडीवर होता. गोंदिया येईपर्यंत त्यांनी तो खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "माझं डोस्कं खराब आहे का वो?"

"हो," मी म्हटलं. मी चिडलेलीच होते.

"पन काटा तं खराबच होता."

"हो."

"मंग?"

मी पावतीपुस्तक पुढे ओढलं. काकू आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ताटात काकडी वाढून ताट जमिनीवरून सरकवायच्या. मीही त्या बाईच्याच बाजूने होते, आणि हे मी बाबूंना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "मी पन तिच्याच बाजूनं आहो."

त्या वहीत जे खाल ते लिहायचं होतं. आता हे काम काटेबाबूंना देणं म्हणजे काय विचारता! धानाच्या नमुन्याचा छोटा काटा त्यांनी जेवणाला लावला. काकडी एकशे ऐंशी ग्रॅम. ज्वारीची भाकर साठ ग्रॅम, करपलेली कड काढून छप्पन. पपईची फोड, बिया वेगळ्या. तीन आठवड्यांनी त्यांनी मला त्या पानांचे फोटो काढून त्या मुलीला पाठवायला सांगितले. तिचा फोन आला, स्पीकरवर. "काका, एवढंच खात असाल तर वजन उतरायलाच हवं. तुमचं काहीतरी लिहायचं सुटतंय."

बिचारी गोड आवाजात म्हणाली. पण बाबूंच्या कानाला ते 'तुम्ही लबाड आहात' असं लागलं. लाल झाले. वही माझ्या टेबलावर आपटली. "पाय तू. काय सुटलं ते काढ. चाळीस वर्षं झाली मले काट्यावर, कोनी असं नाही म्हटलं."

हंगाम जोरात होता. दारात ट्रॅक्टरांची रांग. मी वही उघडून एकेक ओळ वाचत होते. बाबू माझ्या शेजारीच उभे राहून एका शेतकऱ्याची पोती पाहत होते. परखी आत, धान तळहातावर, चोळलं, फुंकर, तोंडात. कट्. "सोळा." पुढचं पोतं. कट्. "साडेसोळा." पुढचं.

मी वहीतून मान वर केली.

सहा वर्षं मी त्या माणसाशेजारी बसत होते. सहा वर्षं हा आवाज ऐकत होते. माझ्या डोक्यात माती भरली होती का?

"बाबू, आत्ता काय केलं?"

"काय केलं?"

"तोंडात काय टाकलं?"

"धान पाह्यलं."

"पाह्यलं आणि मग? थुंकलं?"

ते माझ्याकडे असे पाहायला लागले की जणू मी त्यांच्या आईबद्दल काही बोलले. "अन्न थुकू?"

"म्हणजे खाल्लं."

"खाल्लं नाही वो. पारखलं. काम आहे ते."

मी उठले, चहाच्या टेबलावरचा स्टीलचा वाडगा आणला, धुतला आणि त्यांच्या हातात दिला. म्हटलं, आज दातानं तोडायचं तर एकच दाणा तोडा. बाकी तळहातावर जेवढं घेता तेवढं तोंडात न टाकता या वाडग्यात टाका. ते कुरकुरले, पण वही खोटी ठरली होती म्हणून गप्प बसले. दिवसभर टाकत गेले. सहाला मिल बंद झाली तेव्हा आम्ही तो वाडगा छोट्या काट्यावर ठेवला. चारशे वीस ग्रॅम तांदूळ. पांढराशुभ्र, सोललेला, कच्चा.

हमाल जमले. कुणी हसलं नाही, आधी. मग एक म्हातारा हमाल म्हणाला, "बाबू, हा तं माह्या घरचा दोन टाइमचा भात आहे," आणि मग सगळे असे हसले की शेठजी बाहेर आले. ज्या माणसाने भात सोडला म्हणून अख्खं गोंदिया हळहळत होतं, तो दिवसाला जवळपास अर्धा शेर तांदूळ उभ्या उभ्या खात होता, पगारी.

बाबू वाडग्याकडे पाहत राहिले. "याले कोन खानं म्हनंन?" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी थुंकून पाहिलं. एकदाच. थुंकले आणि लगेच खाली वाकून ते तांदूळ बोटांनी टिपले, कपाळाला लावले आणि कोपऱ्यात चिमण्यांसाठी ठेवले. "हे माह्याच्यानं होनार नाही," म्हणाले. एकच दाणा चावून पाहिला, तर म्हणे एका दाण्यात ओल कळत नाही, तोंड भरावं लागते. मग ते मशीनपाशी गेले. डबा उचलला. आपल्या पंच्याने मशीन पुसलं आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

"आता तू पाय."

उरलेल्या तीन आठवड्यांत त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. तोंडात लवंग, हात पँटच्या खिशात, आणि मी आकडे सांगते आहे. शेतकरी वैतागले. एक पोवार आजोबा, चाळीस पोती घेऊन आलेले, म्हणाले, "अवो बाबू, या डबीचं काय सांगता? तुमच्या दातानं सांगा." बाबूंनी मान हलवली. "दात बंद आहे." आजोबांनी विचारलं, "दुखते?" बाबू म्हणाले, "हो." आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

ब्याऐंशी हलले. एक्क्याऐंशी सहाशे. एक्क्याऐंशी. मग चार दिवस तिथेच, आणि आम्ही सगळे श्वास धरून. मग ऐंशी नऊशे. ज्या सकाळी एकोणऐंशी आठशे आलं त्या सकाळी शेठजींनी सगळ्यांना पेढे वाटले, आणि बाबूंच्या हातात द्यायला गेले तेव्हा पाच-सहा जण एकदम ओरडले.

नागपूरला बाट परत सोबत. चौकीदाराने या वेळी सलाम ठोकला. नवा काटा होता. आधी बाट, वीस किलो. मग बाबू, एकोणऐंशी सहाशे. ते काट्यावरून उतरून काकूंसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आता घे." काकूंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "एवढ्या मोठ्यानं कायले ओरडता? दवाखाना आहे."

ऑपरेशन झालं. काकूंच्या अंगात ती किडनी पहिल्या दिवसापासून कामाला लागली. काकू म्हणतात, मालकासारखीच आहे, मिनिटाची सुट्टी घेत नाही. आता त्या पेलाच्या पेला पाणी पितात, आणि बाबू बाजूला बसून पाहतात, मोजत नाहीत.

मिलमध्ये मात्र बाबू परत आले नाहीत. वजन उचलायचं नाही, धुळीत बसायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. शेठजींनी चांगलं केलं, घरी बसवून निम्मा पगार चालू ठेवला, वाईट बोलायला जागा नाही. पण त्या तीन आठवड्यांत सगळ्यांना मशीनची सवय झाली होती. ती त्यांनीच लावली होती. लोक म्हणतात बाबूंनी किडनी दिली. किडन्या त्यांच्याजवळ दोन होत्या. दात त्यांनी एकच दिला, आणि तो होता तेवढाच होता.

या वर्षी नवं धान आलं त्या दिवशी मी दुपारीच सुट्टी घेतली. पहिल्या ट्रॅक्टरमधलं ओंजळभर धान प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलं, तेवढंच टेबलाच्या खणातही बांधून ठेवलं आणि कुडव्याला गेले. बाबू ओसरीत बसले होते. पिशवी मांडीवर ठेवली तसे आधी त्यांनी वास घेतला. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं. सत्याहत्तर किलोचा माणूस बेचाळीस किलोच्या बाईकडे असा पाहत होता की मला मान वळवावी लागली.

"पाहा ना," काकू म्हणाल्या. "एका चिमटीनं काय होते? मी नाही लिहत वहीत."

चिमूट तळहातावर घेतली. चोळली. फुंकर मारली, तरी थोडं तूस तळहातावरच राहिलं. तोंडात टाकलं, डावा डोळा बारीक केला. किती तरी वेळ चघळलं. मला कट् ऐकू आलं होतं, अगदी स्पष्ट.

"सतरा," बाबू म्हणाले. "पुरं सतरा. काठावर आहे. घे, पन सांगून दे त्याले."

मी परत मिलमध्ये आले. खणातली पिशवी सोडली, मशीनमध्ये धान टाकलं. चौदा. परत टाकलं. चौदा. मशीन पुसलं, तिसऱ्यांदा टाकलं. चौदा.

अर्धा टक्का नाही. तीन. मी खुर्चीवर बसून राहिले. रडायला आलं आणि रागही आला, कुणाचा ते कळेना. तेवढ्यात फोन वाजला. बाबूंना दम कुठला निघतो!

"काय म्हनते तुही डबी?"

या माणसासमोर मी कधी शंभर ग्रॅमसुद्धा खोटं बोलले नव्हते. त्यांनी स्वतःच्या बायकोसाठीसुद्धा खोटा आकडा चालवून घेतला नव्हता. मी मशीनकडे पाहिलं आणि म्हटलं, "सतरा."

"पुरं सतरा?"

"पुरं सतरा, बाबू."

पलीकडून काकू भांडी घासत असल्याचा आवाज येत होता, नळ सोडलेला. मग बाबू म्हणाले, "दोघायचा एकच आकडा? मशीन तपासून घेजो उद्या."

आणि त्यांनी फोन ठेवला.